शोभेसाठी उतरविलेले कवच
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील आपल्या हाती असलेल्या ताळेबंदात आहेच. त्यातील एकाच बाबीविषयी आम्ही थोडे विस्ताराने बोलू इच्छितो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. या निधीतून आणि आपल्या देणग्यांतून होणाऱ्या उपचारांत दुचाकीवरून पडून मोडलेल्या पायांचे प्रमाण आम्हांस अस्वस्थ करते.

कागल हे महामार्गावरचे गाव. एकीकडे पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या पाळ्या, दुसरीकडे गळीत हंगामातील उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. पावसाळ्यात शेतातून डांबरीवर आलेला चिखल, हंगामात सांडलेला ऊस. अशा रस्त्यावर गाडी घसरते ती बहुधा आडवी.

आडव्या पडलेल्या गाडीखाली पाय सापडू नये, यासाठीच इंजिनाच्या दोन्ही बाजूंस लोखंडी लेगगार्ड बसविलेला असतो. गाडी त्याच्यावर टेकते आणि रस्ता व इंजिन यांमध्ये पायापुरती जागा उरते. ३५० सीसीच्या बुलेटचे वजन १९० किलोंच्या आसपास असते. ते नडगीवर आले म्हणजे काय होते, हे आमच्या अस्थिरोग विभागास विचारावे. नडगीच्या पुढच्या अंगास मांस जवळजवळ नसतेच, हाड त्वचेलगत असते. त्यामुळे ते मोडताना पुष्कळदा त्वचा फाडून बाहेर येते, जखमेत माती जाते, जंतुसंसर्ग होतो आणि एका शस्त्रक्रियेच्या जागी तीन होतात. हाड जुळण्यास कित्येक महिने लागतात. तेवढे महिने घरातील पगार बंद असतो आणि तो तोटा कोणत्याही देयकात दिसत नाही.

तरीही नवी गाडी घरी आली की तरुण मंडळी प्रथम लेगगार्ड उतरवितात. दूध घालणाऱ्याच्या गाडीसारखी दिसते, असे त्यांचे म्हणणे. (कॅन अडकविलेल्या त्या गाडीवर सगळी गार्डे जागच्या जागी असतात, हे आम्ही पाहत आलो आहोत.) आमच्याकडे दाखल झालेल्या एका मुलाच्या वडिलांनी सांगितले, ‘‘साहेब, काढलेला गार्ड माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलाय. विकताना लागेल म्हणून.’’ गाडीची किंमत त्या घराने नीट जाणली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्ही कर्तव्य समजतो. लेगगार्ड म्हणजे अभयदान नव्हे. अमेरिकेत प्रा. हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ सालच्या त्यांच्या अहवालात असे आढळले की या दांड्यांमुळे घोटा व पाऊल वाचते, परंतु मांडी, गुडघा व नडगी यांच्या इजा वाढून तो लाभ फिटतो. तो अनुभव तेथील रस्त्यांचा व तेथील वेगांचा आहे. समोरासमोरच्या धडकेत दांडी काही करू शकत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. चौकात वळताना किंवा चिखलात हळू वेगाने गाडी कलंडते, तेथे मात्र तिचा उपयोग आहे, आणि आमच्या भागात अशा प्रकारे पडणे नित्याचे आहे. हेल्मेटची जागा ती घेऊ शकत नाही, हे वेगळे सांगणे नको.

साडीगार्डविषयी तर शंकेस जागाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागे बसण्याची सोय असलेल्या दुचाकीस धरण्यासाठी मूठ, पाय ठेवण्यास आधार आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण असलेच पाहिजे. हे आवरणही ‘स्पोर्टी’ दिसण्यासाठी काढले जाते. गाडी चालविणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. पदर किंवा ओढणी चाकात जाते ती मागे बसलेल्या आईची, बहिणीची, आणि आऱ्यांत टाच सापडते ती मध्ये बसविलेल्या लेकराची.

अस्थिरोग विभागाच्या दाखल-पत्रकात येत्या आर्थिक वर्षापासून आम्ही एक रकाना वाढवीत आहोत : लेगगार्ड होता काय, साडीगार्ड होता काय, नसल्यास कोणी व केव्हा काढला. रुग्णाच्या आप्तांनी तो संकोच न करता भरावा. उत्तर काहीही असले तरी सवलतीवर त्याचा परिणाम होणार नाही. वर्षअखेरीस ते आकडे याच अहवालात, ताळेबंदाशेजारी छापले जातील.