अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याची दृष्टी

इंदूरहून मुंबईकडे जाणारा आग्रा मार्ग महू ओलांडून मानपूरला येतो आणि पुढे विंध्याच्या उतरणीकडे वळतो. अशा गावातील एखाद्या घरी दिवस भरण्यापूर्वीच मूल उपजले, तर त्याला मोठ्या इस्पितळात न्यावे लागते. तेथे काचेच्या पेटीत काही आठवडे काढून बाळ घरी आले, की संकट टळले असे सर्वजण मानतात. परंतु नेमक्या याच काळात त्याच्या डोळ्यांत दुसरे संकट मुकाट्याने वाढत असण्याचा संभव असतो.

डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांचे जाळे गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून विणले जाऊ लागते. ते पुरे होण्यास जवळजवळ नऊ महिने लागतात. बाळ अकाली जन्मले म्हणजे हे विणकाम अर्धवट राहते. पुढे तेथे वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात, त्या पटलाला ओढ देतात आणि अखेरीस पटल सुटून कायमचे अंधत्व येते.

बाळ जितके कमी दिवसांचे व कमी वजनाचे, तितका धोका अधिक. अनिर्बंध किंवा सतत कमीअधिक होणारा प्राणवायू, रक्तातील जंतुसंसर्ग, वारंवार द्यावे लागलेले रक्त आणि जन्मानंतर वजनाची मंद वाढ ही इतर कारणे होत.

१९४२ साली बोस्टनचे डॉ. टेरी यांनी या विकाराचे वर्णन केले. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी प्राणवायूच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. त्यानंतर प्राणवायू फारच आखडला गेला. तेव्हा डोळे वाचले, पण कित्येक बालके प्राणास मुकली. तात्पर्य, प्राणवायू हा वैरी नव्हे; त्याचे माप सांभाळणे हेच खरे कौशल्य आहे.

या विकारात बाहेरून डोळा निर्मळ दिसतो. म्हणून चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे दृष्टिपटल जन्मापासून तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासावे, असा भारतातील दंडक आहे. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वीच्या किंवा १२०० ग्रॅमहून हलक्या बाळांची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच व्हावी लागते. उपचार ठरल्यास दोन-तीन दिवसांत लेसर किरणांनी किंवा डोळ्यात औषध टोचून बहुधा दृष्टी राखता येते.

ही तपासणी न झाल्याने काय होते, याची साक्ष न्यायालयातही नोंदलेली आहे. १९९६ साली चेन्नईत अकाली जन्मलेल्या एका मुलीची दृष्टी अशीच गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देवविली. पैसा मिळाला, प्रकाश मात्र परत आला नाही.

म्हणून इस्पितळाचा निरोप घेताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर डोळे तपासण्याची तारीखही आईबापांनी मागून घ्यावी. बाळ दूध पिते, हसते, एवढ्यावर विसंबून ती तारीख टाळू नये. आणि एका तपासणीवर न थांबता, पटल पूर्ण वाढल्याचे तज्ज्ञ सांगेपर्यंत मानपूर ते इंदूर ही वाट पुन्हा पुन्हा चालावी. त्या थोड्या खेपांवर एका माणसाचे साऱ्या आयुष्याचे पाहणे अवलंबून असते.