पगाराचा तक्ता सारखाच, पण...



सरकारी नोकरीत बाईला आणि पुरुषाला एकच पगार, मग तुमची तक्रार कसली, असं मला नेहमी विचारलं जातं. तक्ता सारखाच असतो, खरंय. पण त्या तक्त्यात कुणाला कुठल्या रकान्यात बसवलं?

अमेरिकेत लँगली इथं सरकारची विमान-संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथं १९३५ पासून गणित येणाऱ्या बायका नेमल्या गेल्या. पदनाम 'कॉम्प्युटर', म्हणजे आकडेमोड करणारी. तेवढंच शिकलेला पुरुष इंजिनिअर म्हणून लागे. (आपल्या अंगणवाडीताईंना पगार नाही, 'मानधन' मिळतं. तसंच हे.)

मेरी जॅक्सन ही कृष्णवर्णीय पदवीधर १९५१ साली अशीच लागली. इंजिनिअर व्हायचं तर वरच्या गणिताचे वर्ग करायला हवेत आणि ते भरत गोऱ्यांच्या शाळेत. तिथं बसायला तिला गावच्या कारभाऱ्यांकडून खास परवानगी काढावी लागली. १९५८ साली ती इंजिनिअर झाली. नासातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर.

पुढचं कमी सांगितलं जातं. तिथल्या तक्त्यात पंधरा श्रेण्या, प्रत्येकीत दहा पायऱ्या. पायरी काम नीट केलं की वर्षांच्या हिशेबानं मिळते. वरच्या श्रेणीसाठी मात्र कुणीतरी वरच्यानं तुम्हाला निवडावं लागतं. मेरी इंजिनिअर म्हणून जेवढं चढता येतं तेवढं चढली आणि थांबली. अधिकारपद काही मिळेना. शेवटी १९७९ साली तिनं स्वतःहून खालची श्रेणी पत्करली आणि त्याच प्रयोगशाळेत स्त्री-कर्मचाऱ्यांच्या बढतीचं काम अंगावर घेतलं. बढतीसाठी पदावनती! नासाच्या मुख्यालयाला तिचं नाव २०२१ साली लागलं. ती २००५ मध्येच गेली होती.

क्रिस्टीन डार्डन १९६७ मध्ये तिथं आली, गणितात एम.ए.च्या तोडीची पदवी घेऊन. तीही आकडेमोडीतच. काही वर्षांनी तिनं साहेबांना सरळ विचारलं, माझ्याइतकंच शिकलेले पुरुष इंजिनिअर आणि मी इथं का? १९७३ साली तिची बदली इंजिनिअरांत झाली. पुढं तिनं डॉक्टरेट केली.

आता आपलं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं नेमणुकीचं पत्र घेऊन या. पदनाम आणि श्रेणी काय लिहिलीय ते आधी वाचू, पगाराचा आकडा नंतर.