हार्पच्या मुलुखात



२०१९ सालच्या जून महिन्यात आम्ही दहाजण आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि फ्रान्समधील ब्रिटनी या चार प्रदेशांतून हिंडून आलो. हार्प हे वाद्य जेथे वाढले, जेथे मोडले आणि जेथे पुन्हा उभे राहिले, ती स्थळे पाहावीत, वादकांजवळ बसून ऐकावे, जमल्यास तारेला बोट लावून पाहावे, एवढाच आमचा हेतू होता. आज येथे प्रवासवर्णन ऐकवण्याचा आमचा विचार नाही. एखादी वाद्यविद्या मरते तेव्हा तिच्यातले नेमके काय मरते, आणि ती परत येते तेव्हा नेमके काय परत येते, हा प्रश्न आम्ही त्या मुलुखातून घेऊन आलो. तोच आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून देतो. गवयाच्या मांडीवरचे स्वरमंडळ आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यात प्रत्येक तारेला एकेक स्वर लावलेला असतो. हार्पातही तसेच असते. फरक इतकाच, की स्वरमंडळाच्या तारा पेटीवर आडव्या पसरलेल्या असतात, तर हार्पाच्या तारा पोकळ पेटीतून उठून वरच्या वाकड्या मानेपर्यंत उभ्या ताणलेल्या असतात. मान आणि पेटी यांना जोडणारा खांब समोर असतो, म्हणून वाद्याचा आकार तिकोनी दिसतो. वादक ते खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी वाजवतो.

हे वाद्य आपल्याला अगदीच परके नाही. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर तो स्वतः वीणा वाजवीत बसलेला दिसतो. ती वीणा आजच्यासारखी पडद्यांची नाही. धनुष्याकृती हार्पाच्याच जातीची आहे. आयर्लंडच्या युरो नाण्यांवरही आज हार्पच आहे. आमच्या राजाच्या नाण्यावर वाद्याबरोबर वाजवणाराही आहे. आयर्लंडच्या नाण्यावर मात्र नुसते वाद्य आहे. हा फरक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा.

त्या नाण्यावरील आकृती ज्या वाद्यावरून घेतली, ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयात आम्ही पाहिले. लोक त्याला राजा ब्रायन बोरूचे हार्प म्हणतात. ब्रायन १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत पडला, आणि हे वाद्य चौदाव्या-पंधराव्या शतकातले, तेव्हा ते नाव दंतकथेचेच समजावे. वाद्य मात्र अस्सल आहे. त्याची पेटी जोडकामाची नाही. विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढलेली आहे. आकार लहान, एखाद्या पोराला कडेवर घ्यावे तसे उचलता येईल एवढा. गेलिक जगातील या काळची तीनच हार्पे आज उरली आहेत. एक हे, आणि दोन एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात.

या जुन्या हार्पांना तांतीऐवजी धातूच्या तारा असत, बहुधा पितळी, आणि त्या वाढवलेल्या नखांनी छेडीत. अशी तार एकदा छेडली की पुष्कळ वेळ घुमत राहते. त्यामुळे पुढचा स्वर वाजवताना मागचा कोणता घुमू द्यावयाचा आणि कोणता बोट टेकून मुका करावयाचा, याचा निवाडा वादकाला क्षणोक्षणी करावा लागे. निम्मी विद्या तार छेडण्यात होती, आणि निम्मी तार गप्प करण्यात.

ही विद्या राजांच्या आणि सरदारांच्या आश्रयावर जगे. १६०१ साली किन्सेल येथे आयरिश सरदारांचा पराभव झाला, १६०७ साली त्यांतले प्रमुख देश सोडून गेले, आणि हार्पवादकांचे घर मोडले. तेव्हापासून ते फिरस्ते झाले. या फिरस्त्यांतला सर्वांत नामांकित म्हणजे टर्लो ओ'कॅरोलन. जन्म १६७०. अठराव्या वर्षी देवी आल्या आणि दृष्टी गेली. मॅकडरमॉट रो घराण्यातील एका बाईने त्याला हार्प शिकवण्याची सोय केली, पुढे घोडा, वाटाड्या आणि थोडे पैसे दिले, आणि तो वाटेला लागला. ज्या वाड्यावर मुक्काम, त्या यजमानाच्या नावाने एक चाल, असा त्याचा रिवाज. अशा दोनशेहून अधिक चाली त्याच्या नावावर आहेत. १७३८ साली अंतकाळ जवळ आला तेव्हा तो त्याच बाईच्या घरी परत आला. तेथेच गेला. रॉसकॉमन परगण्यात किलरोनन येथे त्याची समाधी आहे. आम्ही तेथे गेलो तेव्हा पाऊस लागला होता, आणि आम्हां दहाजणांखेरीज तेथे कोणी नव्हते.

कॅरोलनच्या चाली आज जगभर वाजतात. परंतु खर्जाच्या तारांवर तो काय वाजवी, हे बहुतेक चालींच्या बाबतीत कोणाला सांगता येत नाही. चाल उरली, तिच्याखालची जमीन उरली नाही.

आता बेलफास्टकडे वळू. या कथेचा कणा तेथे आहे.

१७९२ सालच्या जुलै महिन्यात बेलफास्टच्या काही सुशिक्षित नागरिकांनी उरल्यासुरल्या हार्पवादकांना बक्षिसे लावून एकत्र बोलावले. त्यांत पुढाकार डॉ. जेम्स मॅकडॉनेल यांचा. त्यांनी लहानपणी आर्थर ओ'नील या अंध वादकाकडे धडे घेतले होते. आयर्लंडभरातून आले ते दहाजण, आणि वेल्समधून एक. दहांपैकी सहा आंधळे. बाई एकच, रोझ मूनी. सर्वांत लहान वादक पंधरा वर्षांचा, आणि सर्वांत थोरला डेनिस हेम्पसन, वयाची नव्वदी ओलांडलेला.

त्याच दिवसांत बेलफास्टमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीचा वाढदिवस साजरा होत होता आणि वुल्फ टोनसारखे क्रांतिकारक गावात होते. टोनच्या 'युनायटेड आयरिशमेन' संघटनेने हार्प हे आपले बोधचिन्ह केले होते. असे असता, प्रत्यक्ष हार्प ऐकून हा गृहस्थ कंटाळला आणि तसा त्रासिक शेरा त्याने रोजनिशीत मारून ठेवला! चिन्हावर जीव ओवाळून टाकणारा माणूस वाद्यापुढे घटकाभर स्वस्थ बसू शकला नाही. यात टोनची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. चिन्ह सांभाळणे सोपे असते आणि विद्या सांभाळणे जड असते, एवढेच म्हणावयाचे आहे.

या संमेलनात चाली उतरवून घेण्यासाठी एकोणीस वर्षांच्या एका ऑर्गनवादकाला नेमले होते. त्याचे नाव एडवर्ड बंटिंग. तीन-चार दिवसांचे काम म्हणून पोरगा बसला, आणि जन्मभर उठला नाही. खेडोपाडी हिंडला, म्हाताऱ्यांना गाठले, आणि १७९६, १८०९ व १८४० अशी तीन पुस्तके काढली. आज आयरिश हार्पाचे जे जुने भांडार म्हणतात, त्याचा मोठा भाग या एका माणसाच्या वह्यांमुळे वाचला. त्या वह्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत.

तथापि बंटिंग पियानोच्या शिस्तीत वाढलेला. छापताना त्याने चाली पियानोसाठी बसवल्या, त्यांना युरोपीय स्वरसंगतीचा अंगरखा घातला. विकत घेणारी माणसे पियानोवालीच होती, हेही खरे. परिणाम असा झाला, की चाल छापील पानावर आली आणि हात मागे राहिला.

तो हात हेम्पसनपाशी होता. जमलेल्या दहांत नखांनी, जुन्या रीतीने वाजवणारा तो एकटाच. तीन वर्षांचा असताना देवींनी आंधळा झालेला. पहिले धडे एका बाईकडे, ब्रिजिट ओ'कॅहनकडे, घेतलेले. बंटिंग पुढे मॅगिलिगनला त्याच्या घरी गेला. अतिप्राचीन चाली वाजव म्हटले की म्हातारा टाळाटाळ करी. त्या शिकावयास फार अवघड, आणि त्यांनी दुखऱ्या आठवणी जाग्या होतात, असे त्याचे म्हणणे. १८०७ साली तो वारला. पुढच्यांपैकी कोणी त्याच्यासारखी नखे वाढवली नाहीत.

बेलफास्टच्या लोकांनी प्रयत्न सोडले होते असे मात्र नाही. १८०८ साली हार्प सोसायटी काढून त्यांनी वृद्ध आर्थर ओ'नीलला शिक्षक नेमले आणि अंध मुलांना शिकवण्याची सोय केली. पैशाअभावी १८१३ साली ती बंद पडली. पुन्हा १८१९ ते १८३९ चालली, पुन्हा थांबली. दरम्यान डब्लिनच्या जॉन ईगनने तांतीच्या तारांचे सुबक, हलके हार्प काढले. आज 'केल्टिक हार्प' म्हणून आपण जे पाहतो, ते बहुतांशी या ईगनच्या वाद्याचे वंशज. ते बोटांच्या पेरांनी वाजवतात. आवाज गोड, परंतु पितळेचा तो घुमारा वेगळा.

मग नखांचा हात कायमचा गेला काय? गेल्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत काही वादकांनी तो परत शोधण्यास आरंभ केला. त्यांत अमेरिकेच्या अ‍ॅन हेमन या बाईंचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांना आधार कोणाचा? पुन्हा बंटिंगचाच! १८४० च्या पुस्तकात त्याने म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या अलंकारांची यादी दिली होती. कोणत्या बोटाने तार छेडावी, कोणती तार मुकी करावी, एवढे त्यात होते. त्या धाग्यावरून हे लोक मागे मागे चालत गेले. किल्केनी येथे या विद्येची उन्हाळी शाळा २००३ सालापासून भरू लागली. किल्केनीतच एका वादकाने आम्हांला पितळी तारांचे हार्प मांडीवर दिले. आमच्यातल्या एकाने पाच तारा ओळीने छेडल्या, आणि खोलीभर नुसता कालवा झाला. वादकाने त्याच पाच तारा छेडल्या. पण प्रत्येक वेळी मागचे बोट हलकेच परत जाऊन तारेवर टेकत होते. पाचही स्वर मोत्यासारखे सुटे पडले. दहाच माणसे होतो, म्हणून ते बोट दिसले. शंभरांत बसून ते दिसले नसते.

स्कॉटलंडविषयी थोडक्यात सांगतो. तेथे या वाद्याला 'क्लार्सख' म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांपाशी अंध वादक रोरी डाल मॉरिसन होता. नवा सरदार शहरी चैनीत रमला, वाडा मुका झाला, आणि रोरीने त्यावर एक गाणे रचले. त्यात वाड्यातला प्रतिध्वनीच तक्रार करतो, की मला आता उत्तर देण्यास काही उरले नाही. पुढे वाद्यही गेले. १९३१ साली क्लार्सख सोसायटी स्थापन झाली, तेव्हा पुन्हा आरंभ करावा लागला.

वेल्समध्ये मात्र आम्हांला वेगळे चित्र दिसले. तेथील खास वाद्य म्हणजे तारांच्या तीन ओळींचे हार्प. ते सतराव्या शतकात इटलीहून निघून लंडनमार्गे वेल्समध्ये आले आणि तेथलेच झाले. बाहेरच्या दोन ओळी शुद्ध स्वरांच्या. मधल्या ओळीत कोमल-तीव्र स्वर. बाहेरच्या तारांमधून बोट आत घालून मधली तार छेडावी लागते. धर्मोपदेशकांनी नाचगाण्याबरोबर हार्पालाही पाप ठरवले, तेव्हा ते ज्यांनी टिकवले त्यांत रोमा लोकांची, विशेषतः एब्रम वुडच्या वंशजांची, गणना करावी लागते. हे रोमा मूळचे भारतातले. वेल्समधल्या रोमांची बोली जॉन सॅम्पसन यांनी १९२६ साली ग्रंथरूपाने नोंदली. तीत पाण्याला पानीच म्हणतात. आपल्याच मुलुखातून हजार वर्षांपूर्वी निघालेल्या लोकांनी वेल्सचे वाद्य वेल्ससाठी राखून ठेवावे, हे ऐकून आम्ही थक्क झालो.

नान्सी रिचर्ड्स ही शेतकऱ्याची मुलगी, जन्म १८८८. हा रोमांचा बाज लहानपणापासून तिच्या कानांवर होता. तिने तीन ओळींचे हार्प आत्मसात केले आणि १९७९ साली वारण्यापूर्वी ते पुढच्यांच्या हातांत दिले. मधली एक कडी टिकली, म्हणून साखळी टिकली. तेथे कोणाला पुस्तकावरून नखे वाढवावी लागली नाहीत.

वेल्समध्ये 'केर्द् दान्त' नावाचा एक गानप्रकार आहे. हार्पावर एक चाल सुरू होते. गाणारा काही मात्रा थांबून, ती चाल न गाता, स्वतःच्या वेगळ्या चालीत कविता म्हणू लागतो, आणि शेवटी दोघे नेमके एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आमच्या मंडळींनी समेला मान हलवावी तशी मान हलवली. यातला दान्त म्हणजे मुळात 'तान्त', अर्थ तार. आपली तांत, संस्कृतातला तंतु आणि वेल्शमधला तान्त हे तिन्ही ताणणे या एकाच धातूचे वंशज आहेत.

ब्रिटनीत तर मधे शेकडो वर्षे हार्पच नव्हते. १९५३ साली जोर्द कोशवेलू या गृहस्थाने जुन्या नमुन्यांवरून एक हार्प स्वतः बनवले आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. तो मुलगा म्हणजे आलां स्तिव्हेल. १९७१ साली निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेने केल्टिक हार्प युरोपभर पोचवले. हे पुनरुज्जीवन म्हणावे की नवनिर्मिती, याबद्दल वाद होऊ शकेल. आम्हांला एवढेच दिसले, की तेथेही आरंभ एका हाताने दुसऱ्या हातात वाद्य देण्यापासूनच झाला.

आम्ही परतलो त्याच वर्षाच्या डिसेंबरात युनेस्कोने आयरिश हार्पवादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आनंदाचीच गोष्ट. लक्षात घेण्यासारखे हे, की मान मिळाला तो हार्पाला नव्हे, हार्पवादनाला. संग्रहालयातली तीन वाद्ये काचेआड सुखरूप होतीच. सुखरूप नव्हता तो त्यांवरचा हात.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे आहे. विद्या मरते तेव्हा वाद्य मरत नाही, चालही बहुधा मरत नाही. मरते ती मधली रीत, जी लिहून ठेवण्याइतकी मोठी कोणालाच वाटत नाही. मागच्या तारेवर परत जाणारे ते बोट! बंटिंगसारखा कोणी वही घेऊन बसला, तर दोनशे वर्षांनी कोणाला तरी वाट सापडते. नान्सीसारखी कोणी शेजारी बसून शिकली, तर वाट शोधावीच लागत नाही. वही हवीच. परंतु म्हातारा हयात असताना त्याच्याजवळ जाऊन बसणे अधिक स्वस्त पडते, आणि ते काम ज्याच्या त्याच्या गावात ज्याला त्याला करता येण्यासारखे आहे.