पिशवीतले महिने

नवपदवीधर डॉक्टरांनो,

गावाकडे कॅन्सर हा शब्द सहसा उच्चारत नाहीत. ‘टाटाला नेलंय’ एवढंच म्हणतात आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. परळचं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. त्या दारात सकाळी येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. आज या सभागृहात बोलायचं आहे ते त्या पिशवीबद्दल.

पिशवीत सगळ्यात वर रुग्णालयाची नवी फाईल असते. तिच्याखाली बायॉप्सीचा रिपोर्ट, आणि तळाशी घडी पडून मऊ झालेल्या चिठ्ठ्या. तंबाखू खाणाऱ्या शेतमजुराच्या गालात आतून चट्टा उठलेला असतो. पहिल्या चिठ्ठीवर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, दुसरीवर तोंडात लावायचं मलम, तिसरीवर दात काढून घेण्याचा सल्ला, चौथीवर पुन्हा तेच मलम. चिठ्ठ्यांवरच्या तारखा ओळीने लावल्या की चार-पाच महिने निघतात. एवढ्या चिठ्ठ्यांत बोटाने गाल चाचपून पाहिल्याची नोंद एकाही ठिकाणी नसते.

चर्चा होते ती परळच्या रांगेची. ती रांग खरीच आहे. तपासण्यांना तारखा मिळतात, ऑपरेशनला तारीख मिळते, रेडिएशनसाठी आठवडेच्या आठवडे मुंबईत राहावं लागतं. नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर ठीक, नाही तर फुटपाथ. तिकडे गावात मजुरी बुडते, शेळ्या विकल्या जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे ऑपरेशनचा आणि केमोचा मोठा भार उतरतो, हे नाकारता येणार नाही. मात्र रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं निघालं, की त्या एका वेलांटीपायी माणूस पुन्हा तहसिलीच्या खेपा घालू लागतो.

आणि थांबण्याची किंमत मोजलेली आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२० साली आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार कॅन्सरची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली, की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. हा हिशेब निदानानंतरच्या उशिराचा आहे. पिशवीच्या तळाशी गेलेले महिने त्यात धरलेलेच नाहीत.

ते महिने वाचवता येतात, आणि याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाची तपासणी केली ती दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांनी. साधन काय, तर व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड, कापूस आणि दिवा. ज्या वस्त्यांत ही तपासणी होत राहिली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली हे निष्कर्ष जगासमोर आले.

बार्शीची गोष्ट तर अजून साधी आहे. तिथे १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदी घेणारी माणसं गावोगाव फिरायची, पारावर बसायची, बायकांशी बोलायची. अंगावरून पांढरं जाणं, मधेच रक्त दिसणं ही लपवायची गोष्ट नाही, एवढंच समजावून सांगायची. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यातच दवाखान्यात येऊ लागल्या. महागडं यंत्र नव्हतं, फक्त कुणीतरी वेळेवर विचारत होतं.

तुमच्यातले अनेक जण आता बाँडच्या वर्षासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू होतील. ओपीडीत गर्दी असेल, औषधं संपलेली असतील, साप चावलेला पेशंट आणि बाळंतपण एकाच वेळी येईल. त्या गर्दीत मिश्री लावणारी एखादी बाई ‘तिखट सोसत नाही’ म्हणून समोर बसेल. तिला तोंड उघडायला सांगायला, जिभेची कड आणि गालाची आतली बाजू बघायला एक मिनिट लागतं. दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम दिसली, तर तिला पाचवी चिठ्ठी देऊ नका. बायॉप्सी जिथे होते तिथे आधी फोन करा, कुणाला भेटायचं त्याचं नाव कागदावर लिहा, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते तिथेच पाहा, आणि ती पोचली का, हे आठवड्याने आशाताईंना विचारा.

रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी टेबलाचा खण उघडून बघा. टॉर्च असेल. सेल बहुधा उतरलेले असतील. ते त्याच दिवशी बदलून घ्या.