नवे पिस्तूल अडते तेव्हा

(नेमबाजीच्या प्रशिक्षणार्थींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी एका स्पर्धेत आपल्यातीलच एका मुलीचे नवे स्वयंभरणी पिस्तूल दहा सेकंदांच्या फेरीत अडले. दोन गोळ्या सुटल्या. तिसरे काडतूस नळीच्या तोंडाशी तिरपे होऊन बसले. घाईत तिने स्लाइड हाताने ओढली. पंचांनी पाहण्यापूर्वीच यंत्रणेला हात लागल्याने बिघाडाची सवलत गेली आणि उरलेल्या तीन गोळ्यांना शून्य गुण मिळाले. तिची निवड हुकली. कर्ज काढून घेतलेल्या त्या पिस्तुलाला घरच्यांनी बोल लावला.

अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवावी, बोट घोड्यावरून काढावे, मोकळा हात वर करावा आणि थांबावे. सरावात मात्र शोध आपणच घ्यावयाचा असतो. प्रथम मॅगझिन काढावे, मग स्लाइड उघडून नळीचे घर रिकामे असल्याची खात्री करावी. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत शिरते.

मी आधी मॅगझिनच पाहतो. प्रत्येकावर रंगाने क्रमांक घालावा. एकाच मॅगझिनने अडचण येत असेल, तर पिस्तूल निर्दोष आहे असे बहुधा समजावे. काडतुसाला योग्य कोनात धरून ठेवणारे मॅगझिनचे वरचे ओठ फरशीवर पडल्याने किंचित वाकले, तरी काडतुसाचे नाक खाली घुसते किंवा वर उसळते. शिवाय आपल्या ५.६ मिलिमीटरच्या काडतुसाच्या बुडाला कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे. मागे गेली की दोन्ही एकमेकींत अडकतात. घाईने मॅगझिन भरणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येते.

दुसरी गोष्ट दारूगोळ्याची. नव्या पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते. मंद काडतुसाचा धक्का अपुरा पडला, तर स्लाइड पुरती मागे न जाता परतते, पुढचे काडतूस तिच्या पकडीत येतच नाही आणि नळी रिकामी राहते. मनगट सैल धरले तरी हेच घडते. म्हणून दोन-तीन प्रकारची काडतुसे वापरून पाहावीत. मात्र एखाद्या गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. आधीची नळीतच अडकलेली असू शकते.

कारखान्यातून येताना लावलेले घट्ट ग्रीस पुसून पातळ तेलाचा हलका हात द्यावा. तेलाचा अतिरेक नको. शिशाच्या गोळीवरील मेण आणि न जळलेली दारू त्यात कालवून चिखल होतो. रिकामे कवच आत राहत असेल, तर तो भरण्याचा नव्हे, कवच बाहेर काढण्याच्या आकड्याचा दोष असू शकतो. कानस मात्र कोणीही हाती घेऊ नये. परवानाधारक कारागिराकडेच जावे.

त्या मुलीच्या दोन मॅगझिनांपैकी एकाचे ओठ वाकलेले निघाले. त्यावर आता लाल खूण आहे, आणि ते स्पर्धेच्या पेटीत जात नाही.