मार्क विचारण्याअगोदर मन विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी एक गिरणी कामगार. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत. तेव्हा मानसशास्त्रावर व्याख्यान द्यायला मी उभा नाही. पण आज तळवडे, रूपीनगर, चिखली भागातली बरीच शाळकरी मुलं समोर बसली आहेत. त्यांच्याविषयी त्यांच्या आई-वडिलांशी बोलायचं आहे. विषय कडू आहे. शाळेत जाणारी मुलं स्वतःचा जीव का घेतात आणि ते थांबवायला आपल्या हातात काय आहे?

आधी आकडा ऐका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वात जास्त, 1,764, आपल्या महाराष्ट्रातले. म्हणजे फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात दिवसाला जवळजवळ पाच.

हे कुठंतरी लांब घडतं असं समजू नका. 2024 च्या जुलैमध्ये आपल्याच शहरात, किवळ्याला, एक शाळकरी मुलगा गेला. पेपरात ऑनलाइन खेळाचं नाव आलं आणि लोक म्हणाले, मोबाईलनं घात केला. पण एकच कारण धरून बसलं की बाकीचं दिसत नाही. घरातली भांडणं, आजारपण, प्रेमप्रकरण, नापास होण्याची भीती, वर्गातली चेष्टा, जातीवरून मारलेला टोमणा, असं बरंच काही एकावर एक साचत जातं. आणि साचलेलं बोलायला माणूस मिळत नाही. माझ्या मते खरा घात इथं होतो.

आपल्या वस्तीतलं घर डोळ्यांसमोर आणा. बाप बारा तास कंपनीत, आई दुसऱ्याच्या घरी कामाला किंवा पॅकिंगला. खोली एक. क्लासची फी कर्ज काढून भरलेली. पोराला हे सगळं कळतं. मार्क कमी पडले की आपण भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट दाखवतो, "त्यांनी दिव्याखाली अभ्यास केला, तुला काय धाड भरली?" बंधूंनो, ज्या फोटोनं पोराला आधार द्यायचा, त्याचाच आसूड होतो.

बाबासाहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मुलाला आपण पहिली तेवढी सांगतो आणि एकट्यालाच लढायला सोडतो. स्वतः बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले. पण ते एकटे नव्हते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढं सयाजीराव महाराजांच्या मदतीसाठी खटपट केली. गुरुजी त्याचे नातेवाईक नव्हते. प्रत्येक मुलाला असा एक माणूस लागतो.

आता हे शास्त्रानंही दाखवलं आहे. गोव्याच्या 'संगत' या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील 74 माध्यमिक शाळांत प्रयोग केला. 2018 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही शाळांत हे काम शिक्षकांकडं दिलं, काही शाळांत थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकाकडं. जिथं वेगळा समुपदेशक होता तिथं शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांची उदासी आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांकडं दिलं तिथं फारसा फरक पडला नाही. हा शिक्षकांचा दोष नव्हे. जो मार्क देतो, त्याच्याजवळ मन मोकळं करणं पोराला जड जातं, असं मला वाटतं.

सर्वोच्च न्यायालयानंही 25 जुलै 2025 रोजी देशभरच्या शाळा, कॉलेज आणि कोचिंग क्लासना निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मदतीचे फोन नंबर ठळक लिहिलेले हवेत. मार्कांवरून वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. हे कागदावर आहे. कामगाराला माहीत आहे की कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही. म्हणून पालक सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा: आमच्या शाळेत समुपदेशक कोण? तो कधी भेटतो? फोन नंबर कुठं लावला आहे? एकट्यानं नको, दहा पालक मिळून विचारा.

घरी काय करायचं? मशीनचा आवाज बदलला की आपण ताबडतोब थांबून बघतो. तसंच पोराचं बघा. बोलणं बंद झालं, झोप-जेवण बिघडलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, "माझा तुम्हाला त्रासच आहे" म्हणू लागला, तर "नाटकं करतो" म्हणू नका. जवळ बसा. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं उतरतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर ठेवा आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री सरकारचा 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. मुलांसाठी 1098 आहे. मनाच्या दुखण्याला डॉक्टर दाखवण्यात कसलीही लाज नाही.

आणि दहावीचा निकाल म्हणजे आयुष्याचा निकाल नव्हे. 2015 पासून नापास झालेल्यांची फेरपरीक्षा निकालानंतर लगेचच होते, वर्ष वाया जात नाही.

शेवटी विहाराच्या कार्यकारिणीला एक विनंती. दर रविवारी वंदनेनंतर दोन तास या सभागृहात मुलांसाठी राखून ठेवा. दोन समजूतदार उपासक, दोन उपासिका बसतील. उपदेश करायचा नाही, मार्क विचारायचे नाहीत, फक्त ऐकायचं. जास्त गंभीर वाटलं तर डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं. नावं आजच लिहून घ्या, पहिलं नाव माझं लिहा.

मुलांनो, तुम्हाला एवढंच सांगतो, तुमच्या मार्कशीटपेक्षा तुम्ही आम्हाला हवे आहात. एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!