मिसिसिपीच्या उगमाशी मुक्काम



मुलं अमेरिकेत असली की आपल्याकडचे आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात आणि नायगारा, न्यूयॉर्क बघून येतात. आमच्या लेकीनं आम्हाला नेऊन तंबूत झोपवलं. जागा होती मिनेसोटा राज्यातलं इटास्का स्टेट पार्क, मिनिआपोलिसहून गाडीनं साधारण चार तासांवर. तिथल्या इटास्का तळ्यातून मिसिसिपी नदी निघते. तळ्याकाठच्या पाइनच्या झाडीत तंबू ठोकायला राज्य सरकारनं जागा आखून दिल्या आहेत.

आखून म्हणजे अगदी आखून. प्रत्येक जागेला नंबर, लाकडी टेबल आणि बाकं, शेकोटीला लोखंडी कडं, वर जाळी, गाडीपुरती मोकळी जागा. नळ आणि न्हाणीघर चार पावलं पलीकडे. बुकिंग 120 दिवस आधी सुरू होतं. शेकोटीचं लाकूड घरून आणायचं नाही, कारण लाकडातून कीड येते. आशियातून तिकडे पोचलेल्या एका हिरव्या भुंग्यानं ॲशची असंख्य झाडं अशीच वाळवली आहेत. पडलेल्या काटक्यासुद्धा वेचायच्या नाहीत. अस्वलं फिरतात म्हणून रात्री खाण्याचं सगळं गाडीत बंद करायचं. दहानंतर आवाज नाही, आणि जूनमध्ये तिथं साडेनऊलाही उजेड असतो! सौभाग्यवतींनी पाटी वाचून विचारलं, "हे जंगल आहे की हाउसिंग सोसायटी?"

प्रश्न बरोबर होता. पण तिथली हकीकत कळत गेली तसं माझं मत बदललं. ते जंगल उरलंय ते कुणी तरी सतत राखलं म्हणून.

हे पार्क 1891 साली झालं, तेही विधिमंडळात एका मताच्या फरकानं. कायदा झाला तरी लाकूडतोड थांबली नाही. ओंडके पाण्यातून वाहून न्यायचे, म्हणून कंपन्या बांध घालून पाणी अडवत. 1903 मध्ये तळं इतकं फुगलं की काठची झाडं पाण्यात उभी राहिली. तेव्हा पार्कची प्रमुख होती मेरी गिब्ज, वय 24. आधी हे काम तिचे वडील बघत. ते गेले आणि जबाबदारी तिच्यावर आली. बांधाचे दरवाजे उघडा, असं सांगायला ती गेली, तर समोर बंदूक रोखलेली. ती मागे हटली नाही. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि काही महिन्यांतच ते पद तिच्या हातून गेलं. आज उगमाजवळच्या माहिती केंद्राला तिचं नाव आहे. अर्थात, हे मरणोत्तर सन्मान देण्यात आपण तरी कुणाला हार जाणार?

उगमाशी एक जाड ओंडका उभा आहे. त्यावर कोरलंय की समुद्रसपाटीपासून 1475 फुटांवर इथं मिसिसिपी सुरू होते आणि 2552 मैलांवर आखाताला मिळते. आपल्याकडे नदीच्या उगमाला गोमुख असतं, कुंड असतं, त्र्यंबकेश्वरासारखं देऊळ असतं. इथं पूजा नाही, पुजारी नाही. दगडांच्या ओळीवरून पोरं आरडाओरडा करत मिसिसिपी ओलांडतात. पाणी जेमतेम गुडघ्याला. आम्ही हात जोडलेच. गंमत अशी की हा देखणा उगमही माणसांनी घडवलेला आहे. पूर्वी इथं दलदल होती. 1930 च्या दशकात, मंदीच्या काळात, बेकार तरुणांना सरकारनं कामाला लावलं, तेव्हा दलदल भरून प्रवाह नीट केला गेला आणि दगड रचले गेले. आणखी एक. 1832 साली स्कूलक्राफ्ट नावाच्या अमेरिकी संशोधकानं हा उगम "शोधला" असं म्हणतात. त्याला इथवर आणलं ओझाविंडिब नावाच्या, तिथल्या मूळच्या ओजिब्वे जमातीतल्या वाटाड्यानं. ज्याला रस्ता पाठ होता, त्याचा शोध मात्र धरत नाहीत.

मला सगळ्यात आवडली ती रोपांची निगा. हरणं पांढऱ्या पाइनच्या रोपांचे शेंडे खातात. म्हणून हिवाळ्याआधी माणसं रानात फिरून एकेका रोपाच्या शेंड्याला कागद गुंडाळून स्टेपल मारतात. लाल पाइनचं उलट: त्याच्या बियांना रुजायला जळून मोकळी झालेली जमीन लागते, म्हणून तिथं ठरवून, पहारा ठेवून, आग लावतात. ज्या रानात मला काटकी उचलायची बंदी, त्याच रानात सरकार काडी लावतं, हे पचायला थोडा वेळ लागला.

रात्री तळ्यावरून लून पक्षी ओरडला. लांबलचक, कुणी तरी हाक मारावी तसा. सौभाग्यवती दचकून उठल्या. मग झोप दोघांनाही नाही.

तुमचीही मुलं त्या बाजूला असतील तर त्यांना बुकिंग सुरू होताच जागा धरायला सांगा, उन्हाळ्यातले शनिवार-रविवार भराभर जातात. आणि जमलं तर ऑगस्टच्या शेवटी जा. जूनमध्ये मिनेसोटाचे डास पाहुण्यांचं फार मनापासून स्वागत करतात.